घरी वळलेली कॉइल आणि मेडिकलचा कापूस : व्हेपबंदीनंतर घराघरांत काय चाललंय?

"डॉक्टर, पोऱ्याले पंधरा दिसपाशीन खोकला शे," धुळ्याकडून आलेल्या एका माउलीने सांगितलं. मुलगा एकवीस वर्षांचा, डिप्लोमाला शिकणारा. ताप नाही, वजन उतरलेलं नाही. छातीत थोडी घरघर आणि घसा लाल. मी नेहमीचे प्रश्न विचारले. विडी? सिगारेट? तंबाखू, गुटखा? मुलाने तिन्हींना ठाम "नाही" म्हटलं. ते खरंही होतं. पंधरा दिवसांच्या खोकल्याला आपल्याकडे आधी बेडक्याची तपासणी होते, तशी केली. क्षयरोग निघाला नाही. औषधं दिली, थोडा फरक पडला, पुन्हा खोकला.

तिसऱ्या भेटीत त्याच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकावर भाजल्याच्या बारीक रेघा दिसल्या. सोल्डरिंग करणाऱ्यांच्या बोटांवर असतात तशा. आईला बाहेर बसवून विचारलं, तेव्हा तो जरा अभिमानानेच सांगू लागला. व्हेपची कॉइल बाजारात मिळेनाशी झाली आणि चोरून मिळते ती महाग, म्हणून तो ती घरीच वळतो. तार एका मोडक्या शेगडीतली. वातीला कापूस मेडिकलवरचा. यूट्यूबवर सगळं आहे, म्हणाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चूक माझी होती. मी "काही ओढतोस का?" एवढं विचारायला हवं होतं. मी वस्तूंची नावं घेतली आणि त्या यादीत त्याची वस्तू नव्हती. त्यानंतर मी हा प्रश्न बदलला आणि गेल्या काही महिन्यांत जळगाव-धुळ्याची आणखी काही तरुण मुलं हेच सांगताना आढळली. आकडेवारी म्हणावी इतकी ती नाहीत, पण विषय लिहायला हवा असं वाटण्याइतकी नक्कीच आहेत.

हे यंत्र म्हणजे नेमकं काय?

समई डोळ्यांसमोर आणा. वात तेल वर ओढते आणि टोकाला जळते. व्हेपमध्येही वात आहे, पण ती जळणं अपेक्षित नाही. वातीभोवती किंवा वातीतून जाणारी बारीक तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल बॅटरीवर तापते, वातीत मुरलेलं लिक्विड उकळतं, त्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात आणि ते छातीत ओढले जातात. लोक त्याला वाफ म्हणतात. ती पाण्याची वाफ नव्हे. तयार व्हेपमध्ये कॉइल आणि वात कारखान्यात बसवलेली असते. 'रिबिल्डेबल' प्रकारात हा भाग उघडता येतो, दोन स्क्रूंमध्ये आपली तार आणि आपला कापूस बसवता येतो. परदेशात हा अनेक वर्षांचा छंद आहे आणि त्यासाठी ठराविक मिश्रधातूंची तार व खास कापूस विकला जातो. आपल्याकडे छंद आला, सामान आलं नाही. ती जागा भंगारवाल्याने आणि किराणा दुकानाने भरून काढली.

लिक्विडमध्ये मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, शिवाय निकोटिन आणि वास. पहिलं १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं २९० अंशांना. कापूस म्हणजे सेल्युलोज, ते तीनशेच्या आसपास करपू लागतं. म्हणजे लिक्विड उकळणं आणि कापूस करपणं यांत फारसं अंतर नाही. वात ओली आहे तोवर लिक्विड उष्णता खाऊन टाकतं. ती आत घट्ट कोंबली, किंवा तार जास्त तापली, की लिक्विड वेळेवर पोचत नाही आणि घशाला जळका, कडवट झटका बसतो. या मुलांच्या भाषेत 'ड्राय हिट'.

इथे शास्त्रज्ञांमध्ये एक गाजलेला वाद झाला, तो आपल्या विषयाला तंतोतंत लागू आहे. २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा अहवाल आला. ३.३ व्होल्टला काही सापडलं नाही, पण ५ व्होल्टला त्याच लिक्विडमधून फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं भरपूर निघाली. फॉर्मल्डिहाइड म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीतला तो डोळे झोंबवणारा वास. ते कर्करोगकारक आहे. त्याच वर्षी ग्रीसमधील हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी उलट दाखवलं की एवढं अल्डिहाइड फक्त वात कोरडी पडल्यावर तयार होतं आणि तो जळका झुरका कोणी माणूस मुद्दाम घेणार नाही.

दोघांचं म्हणणं मान्य केलं तरी निष्कर्ष एकच उरतो. वात कोरडी पडणं हाच सगळ्यात वाईट प्रसंग. आणि अंदाजाने वात बसवणाऱ्या नवशिक्याच्या यंत्रात तोच प्रसंग रोज येतो. माझ्या त्या रुग्णाला विचारलं, जळका झटका कितीदा बसतो? "नवी वात घातली की पहिले दोन-चार दिवस बसतोच," म्हणाला.

तारेचा प्रश्न

शेगडी, गिझर, इस्त्री यांतली तार बहुधा नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची. परदेशी छंदवाले वापरतात त्या तारांमध्येही नायक्रोम आहेच, म्हणून मुलांना वाटतं की आपलीही चालेल. फरक असा की शेगडीची तार वर्षानुवर्षं लाल होऊन थंड झालेली असते, तिच्यावर ऑक्साइडचा थर असतो, दूध उतू गेल्याचे डाग असतात. ती शेगडीत आहे तोवर तिच्यावरून येणारी हवा कोणी छातीत ओढत नाही.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर भागातल्या ५६ रोज व्हेप ओढणाऱ्यांची स्वतःची यंत्रं तपासली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाटलीतल्या लिक्विडमध्ये धातू अगदी नगण्य होते. तेच लिक्विड कॉइलवरून गेल्यावर निघालेल्या धुरकट थेंबांत शिसं, क्रोमियम, निकेल, मँगनीज होतं. शिशाची मध्यम पातळी बाटलीच्या तुलनेत २५ पटींहून जास्त होती. आणि ही बाजारात रीतसर विकल्या गेलेल्या वस्तूंची गोष्ट आहे.

घरच्या जुळणीत शिसं येण्याचा आणखी सोपा रस्ता आहे. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावरचा सोल्डर हा पुष्कळदा कथील आणि शिशाचा असतो. तो १८३ अंशांना वितळू लागतो, म्हणजे ग्लिसरीन उकळण्याच्या कितीतरी आधी. तार सुटू नये म्हणून कॉइलच्या टोकाला सोल्डरचा थेंब लावणारा मुलगा मला भेटला आहे. त्याला मी शिशाबद्दल सांगितलं तेव्हा तो खरोखर घाबरला. त्याचं काम मोबाइल दुरुस्तीचंच होतं, पण हा धोका त्याला कोणीच सांगितला नव्हता.

निकेलचंही तसंच. सोन्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या गावात खोट्या कानातल्यांमुळे कानाची पाळी चिघळलेल्या मुली दर आठवड्याला येतात. ती निकेलची अॅलर्जी. त्वचेला जे सोसत नाही ते श्वासनलिकेला सोसेल असं समजायला काही आधार नाही. बांधकामावरची जस्ताचा मुलामा दिलेली तार तर मुळीच वापरू नये. वेल्डिंग करणाऱ्यांना अशा पत्र्यावर काम केल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. तो जस्ताच्या धुराचा ताप असतो आणि त्यावर दूध पिणं हा काही इलाज नव्हे.

आणि कापूस, तोही खान्देशात

कापूस आमच्या घरचा. शेतात कपाशी, गावाबाहेर जिनिंग, सरकीची पेंड गोठ्यात. म्हणून कापसाची भीती कोणाला वाटत नाही. "कापूस तर नैसर्गिक आहे ना डॉक्टर," हे वाक्य मी ऐकलं आहे.

पण जिनिंगमध्ये आणि सूतगिरणीत आयुष्य काढलेल्या कामगारांची छाती तपासली असेल तर कापसाची दुसरी बाजू कळते. बिसिनोसिस नावाचा आजार कापसाच्या धुळीने होतो. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवड्याभरात थोडं बरं वाटतं, पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. त्यामागे कापसाच्या बोंडावर वाढणाऱ्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे मोठं कारण मानलं जातं.

हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने २०१९ मध्ये अमेरिकेत खपणारी ७५ व्हेप उत्पादनं तपासली. १७ मध्ये एंडोटॉक्सिन आणि ६१ मध्ये बुरशीचं ग्लुकन सापडलं. ते कुठून आलं याची एक शक्यता म्हणून संशोधकांनी वातीच्या कापसाकडे बोट दाखवलं होतं. मात्रा सूक्ष्म होत्या आणि त्यातून आजार होतोच असं त्यांनी सिद्ध केलेलं नाही, हेही सांगायला हवं. तरी सरकी काढलेला कच्चा कापूस किंवा देवघरातल्या फुलवाती घालण्याआधी विचार करावा इतपत ही माहिती पुरेशी आहे. मेडिकलचा कापूस स्वच्छ असतो, पण तो जखमेवर ठेवण्यासाठी धुतलेला आणि विरंजन केलेला असतो. तापवून हुंगण्यासाठी तो कोणी तपासलेला नाही.

कापूस करपतो म्हणून काही जण काचेच्या लोकरीकडे किंवा सिलिकाच्या दोरीकडे वळतात. ते मला कापसापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. ती तुटते, तिचे तंतू सुटतात. भट्टीच्या दाराला लावायची जुनी दोरी अॅस्बेस्टॉसची असू शकते आणि तिचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर कोणाला कॉइल आठवणारही नाही.

वासाबद्दल एकच सूचना, पण ती महत्त्वाची. मिठाईचा इसेन्स, अत्तर, निलगिरी किंवा पुदिन्याचं तेल, कुठलंही तेल लिक्विडमध्ये घालू नका. पोटात जाणारं सगळं फुप्फुसात चालत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसाच्या गंभीर इजेची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यात ६८ मृत्यू होते. बहुतेकांनी चोरट्या बाजारातलं गांजाचं अर्क असलेलं लिक्विड ओढलं होतं आणि ते दाट करण्यासाठी त्यात ई-जीवनसत्त्वाचं एक तेलकट रूप घातलेलं होतं. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातून काढलेल्या द्रवात ते सापडलं. हेच जीवनसत्त्व कॅप्सूलमधून आपण चेहऱ्याला लावतो.

बॅटरी : इथे चुकीला दुसरी संधी नाही

कॉइल घरी वळली की तिचा विद्युतरोध किती हे मोजावं लागतं. मीटर प्रत्येकाकडे नसतो. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल ०.३ ओहमची झाली तर त्यातून १४ अँपिअर वीज वाहते. हजार वॉटची घरची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे अंगठ्याएवढ्या सेलकडून आपण तीन इस्त्र्यांचा प्रवाह मागतो आहोत. दोन वेढे कमी पडले, रोध निम्मा झाला, की २८ अँपिअर. जुन्या लॅपटॉपमधून किंवा पॉवर बँकेतून काढलेले १८६५० आकाराचे सेल यासाठी बनलेलेच नाहीत. चांगल्या यंत्रात प्रवाह तोडणारं सर्किट असतं. साध्या नळकांडीत सेल, बटण आणि कॉइल यांच्यामध्ये काहीच नसतं. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये व्हेपच्या स्फोटाने प्रत्येकी एक माणूस दगावला. असे मृत्यू विरळ आहेत. मांडी आणि हात भाजणं तितकं विरळ नाही, विशेषतः सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवल्यावर. त्यात आमचा भुसावळ-जळगावचा मे महिना आणि उन्हात उभ्या मोटारसायकलची डिकी.

भाजलंच तर जळते कपडे काढा, भाग वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका आणि डॉक्टरांना "बॅटरीने भाजलं" हे स्पष्ट सांगा. आत सांडलेलं रसायनही भाजत राहतं.

बंदीने काय साधलं?

केंद्राने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी आणली, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी वेगळी शिक्षा. निकोटिन असो वा नसो, दोन्ही प्रकार त्यात येतात. केवळ ओढणाऱ्यासाठी शिक्षेचं कलम मात्र त्यात नाही.

मी वकील नाही, पण कायद्याचा मजकूर वाचताना एक गोष्ट खटकली. बंदी पूर्ण यंत्रावरच नाही, त्याच्या कुठल्याही भागावर आहे. आणि उत्पादनाच्या व्याख्येत जोडणी करणंही धरलं आहे. म्हणजे तयार व्हेप ओढणारा शिक्षेबाहेर राहतो, पण घरी कॉइल वळून मित्राला देणारा शब्दशः आत येऊ शकतो. मुलांना हे माहीत नसतं. अर्धवट माहिती असते ती एवढीच की पोलीस पकडतात. म्हणून ती डॉक्टरपाशीही बोलत नाहीत. माझ्या दृष्टीने या बंदीची ही सर्वांत महाग किंमत आहे. व्हेपमुळे फुप्फुसाला झालेली इजा एक्स-रेवर न्यूमोनियासारखी दिसते. रुग्ण बोलला नाही तर आम्ही अँटिबायोटिक बदलत बसतो.

बंदी चुकीची होती का? मुलांच्या बाजूने पाहिलं तर नाही. आंब्याच्या आणि बबलगमच्या वासाची पेनासारखी वस्तू शाळेच्या दप्तरात पोचू नये असं वाटणारा मीही एक बाप आहे. ब्रिटनची भूमिका आपल्या अगदी उलट. तिथे सिगारेट सोडण्यासाठी व्हेपला सरकारी पाठबळ आहे, आणि कॉक्रेनच्या आढाव्यानुसार निकोटिनचं व्हेप सिगारेट सोडायला गम-पट्ट्यांपेक्षा जास्त उपयोगी ठरतं. पण त्या ब्रिटननेही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली, कारण त्या मुलांच्या हातात गेल्या.

शिवाय महाराष्ट्राचा प्रश्नच वेगळा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळं चघळणं, मळणं आणि मिसरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि महामार्गालगतच्या कुठल्या टपरीवर तो मिळतो हे शाळकरी पोरही सांगेल. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्यात बंदीचा माल थांबतो असं मानणं भाबडेपणाचं आहे. विडी-सिगारेट उघड विकायची आणि व्हेप बंद ठेवायचं यातली विसंगती मुलं आम्हाला सुनावतात. त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

व्हेप खुलं करावं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे गुटख्यालाच लगाम बसला नाही, तर वासाच्या लिक्विडवर कोण नजर ठेवणार? पण दुकान बंद केलं तेव्हा सवय लागलेल्यांसाठी दुसरं दार उघडायला हवं होतं. निकोटिन गम प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज मिळाली असती, तर शेगडीची तार सोलायची वेळ काही जणांवर तरी आली नसती.

तुम्ही स्वतः असं काही वापरत असाल तर

डॉक्टरांना सांगा. तार कुठली, वात कशाची, लिक्विड कुठून, गांजाचं अर्क होतं का, एवढं सगळं सांगा. उपचारासाठी सांगितलेली गोष्ट घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात जात नाही. दम लागणं, छातीत दुखणं, ताप आणि त्याबरोबर उलट्या-जुलाब अशी लक्षणं असतील तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी जळगावचं किंवा धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून घ्या.

लहान मूल घरात असेल तर लिक्विडची बाटली आजच हलवा. लहान मुलाला थोडं निकोटिनही प्राणघातक ठरू शकतं. लाळ, घाम, उलट्या, मग झटके असा क्रम असतो. अंगावर सांडलं तरी ते त्वचेतून आत जातं, म्हणून लगेच धुवा. मूल प्यायलं असल्यास उलटी करवू नका, १०८ ला फोन करा.

सोडायचं असेल तर एकदम हिंमत दाखवण्यापेक्षा मदत घेऊन सोडणं जमण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे. २ मिलिग्रॅमची निकोटिन गम मेडिकलवर मिळते. ती च्युइंगगमसारखी सलग चघळायची नसते. दोन-चारदा चावून गालात दाबून ठेवायची, चुणचुण थांबली की पुन्हा चावायची. बहुतेक जण इथेच चुकतात, उचकी लागते, मळमळतं आणि "गमने काही होत नाही" म्हणून सोडून देतात. हृदयविकार असेल किंवा गरोदर असाल तर आधी विचारून घ्या.

त्या डिप्लोमाच्या मुलाने यंत्र मला आणून दाखवलं. काम खरंच नेटकं होतं, वेढे एकसारखे. वात उघडली तर मधोमध काळी पडलेली. गमवर त्याला सात आठवडे झाले, मधे दोनदा घसरला. खोकला गेला आहे, स्पायरोमेट्री पुढच्या महिन्यात पुन्हा करायची आहे. आईला त्याने अजून सांगितलेलं नाही.